पाहुणा तोच, यजमान निराळे

पावसाळ्याचे दिवस असतात. घरातले शेंडेफळ शाळेतून येताना वह्यापुस्तकांबरोबर ताप घेऊन येते. दुसऱ्या दिवशी त्याच्या ताईला कणकण, तिसऱ्या दिवशी वडिलांना हुडहुडी, आणि सगळ्यांचे काढे उकळून झाल्यावर शेवटी आईचा नंबर लागतो. घर एक, हवा एक, ताटातले अन्न एक आणि ज्याने हा सारा उपद्व्याप केला तो विषाणूही एकच. पण तऱ्हा पाहाव्यात तर किती! धाकटा एका रात्रीत ताप झटकून बॅट शोधू लागतो. ताईचे चार शिंकांवर भागते. वडील चार दिवस डोक्यावर चादर ओढून, जगाचा निरोप घेतल्यासारखे कण्हत पडतात. आणि एखाद्या घरी, देव करो आणि तसे न होवो, रात्री-अपरात्री इस्पितळ गाठावे लागते.

असे का व्हावे? पाहुणा तोच, मग प्रत्येक यजमानाकडे त्याचे वागणे निराळे का? ‘ज्याची प्रकृती दणकट त्याला काही होत नाही,’ असे उत्तर आपण ठोकून देतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. मीही बरीच वर्षे तेच ऐकत आलो. पण या प्रश्नामागे शास्त्रज्ञ शंभर वर्षे लागले आहेत आणि त्यांच्या हाती जे लागले आहे ते या सोप्या उत्तराहून पुष्कळच निराळे आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर तेच वाचकांपुढे ठेवावे म्हणतो.

आधी एक खुलासा. साधे पडसे निराळे आणि इन्फ्ल्युएन्झा निराळा. पडसे नाकातून सुरू होते आणि बहुधा नाकातच संपते. फ्ल्यू एकदम येतो. सकाळी कचेरीत गेलेला माणूस दुपारी अंग मोडून घरी परततो. ताप, खोकला, डोकेदुखी आणि हाडे पिंजून काढल्यासारखा ठणका ही त्याची ओळख. बहुतेकांना तो आठवड्याभरात सोडून जातो. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जगात दर वर्षी ३० ते ५० लाख लोकांना तो गंभीर स्वरूपात होतो आणि २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख माणसे श्वसनाच्या विकाराने दगावतात. हे लाखो लोक कोण, आणि बाकीचे कोट्यवधी सुटतात ते का, हाच खरा प्रश्न आहे.

मानमोडीचा उलटा न्याय

माझी आजी १९१८ साली दहा-अकरा वर्षांची होती. सातारा जिल्ह्यातल्या तिच्या खेड्यात त्या वर्षीच्या साथीला ‘मानमोडी’ म्हणत. माणूस मान टाकी आणि जाई, म्हणून मानमोडी. आजी सांगे, तालमीत घुमणारा, एका बैठकीत शेरभर दूध पिणारा तिचा चुलता तिसऱ्या दिवशी गेला. आणि बारमाही धापा टाकणारी म्हातारी आत्या मात्र त्यातून उठली आणि पुढे वीस वर्षे सगळ्या घराला सुनावत राहिली. ‘देवाने पिकली पाने ठेवली आणि कोवळी खुडली,’ हे आजीचे वाक्य.

आजीची आठवण ही एका घराची आठवण, पण सरकारी नोंदीही तेच सांगतात. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीत पहाऱ्यावर असलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले आणि शहरात साथीची चाहूल लागली. जूनची ती लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली ती काळ होऊनच. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसे गेली. निरनिराळ्या अंदाजांप्रमाणे साऱ्या हिंदुस्थानात एक कोटी वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत बळी पडले. आणि यांत तान्ही मुले व म्हातारी माणसे तर होतीच, पण सर्वांत मोठा घाला पडला तो वीस ते चाळीस वर्षांच्या भरल्या वयाच्या माणसांवर. आपल्याकडे तर पुरुषांपेक्षा बायका जास्त दगावल्या.

म्हणजे ‘दणकट त्याला काही होत नाही’ या आपल्या आवडत्या सिद्धान्ताची मानमोडीने पार मान मोडली.

त्या वेळच्या डॉक्टरांना तर शत्रूचाही पत्ता नव्हता. ते एका भलत्याच जंतूवर आळ घेऊन बसले होते. माणसाच्या फ्ल्यूचा विषाणू हाती लागला तो १९३३ साली, लंडनमध्ये. स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या त्रयीने तो फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यात वाढवून दाखवला. पुढे २००५ साली अमेरिकेत, जपून ठेवलेल्या आणि बर्फाळ जमिनीत गाडल्या गेलेल्या प्रेतांच्या फुप्फुसांतील अवशेषांवरून, १९१८ चा विषाणू प्रयोगशाळेत पुन्हा उभा करण्यात आला. २००७ साली तो कडेकोट बंदोबस्तात माकडांना टोचून पाहिला, तेव्हा असे दिसले की माकडांच्या शरीराने प्रतिकार केला, पण तो आवरलाच नाही. चोर पकडायला फौज आली आणि चोराबरोबर घरही जाळून गेली, तसा प्रकार. फुप्फुसे पाण्याने भरून गेली.

त्यातच दुसरे संकट. विषाणूने श्वासनलिकेचे अस्तर खरवडले की एरवी घशात गुपचूप बसणारे जंतू त्या उघड्या जखमेतून खाली उतरतात आणि न्यूमोनिया होतो. १९१८ च्या मृतांच्या फुप्फुसांचे जुने नमुने २००८ साली पुन्हा तपासले गेले, तेव्हा बहुतेकांत या दुसऱ्या फळीच्या जंतूंची खूण सापडली. प्रतिजैविक औषधे त्या काळी नव्हतीच.

शरीराचे पहिले प्रेम

पण तरुणच का? याचा एक धागा मोठा मनोरंजक आहे. पहिले प्रेम माणूस विसरत नाही म्हणतात. शरीर पहिला फ्ल्यू विसरत नाही.

फ्ल्यूच्या विषाणूच्या अंगावर काट्यांसारखी प्रथिने असतात. त्यांच्या जातींना शास्त्रज्ञ एच-१, एच-२, एच-३ अशी नावे देतात. लहानपणी ज्या जातीशी आपली पहिली गाठ पडते तिची ओळख शरीरात अशी काही ठसते की पुढे नवीन जात आली तरी शरीर आधी जुनीच हत्यारे उपसते. नवा पाहुणा जुन्याच्या नात्यातला असला तर ती हत्यारे उपयोगी पडतात. परका असला तर वार फुकट जातात. थॉमस फ्रान्सिस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६० साली या गोष्टीला ‘मूळ पाप’ असे बायबलातले नाव दिले. कित्येक शास्त्रज्ञांचा तर्क असा आहे की १९१८ साली तिशीच्या आसपास असलेल्यांची लहानपणची ओळख १८८९-९० च्या साथीतल्या निराळ्या जातीशी झाली होती आणि म्हणून नव्या विषाणूपुढे त्यांची हत्यारे बोथट ठरली. हा तर्कच आहे, पण त्याला बळकटी देणारे पुष्कळ काही पुढे घडले.

१९१८ च्या विषाणूचे वंशज एच-१ जातीचे. ते १९५७ पर्यंत फिरत राहिले. १९५७ साली आशियाई फ्ल्यू आला, तो एच-२. १९६८ साली हाँगकाँग फ्ल्यू आला, तो एच-३. एच-१ पुन्हा अवतरला तो १९७७ मध्ये. आता आपल्या घरातील वडीलधाऱ्यांची जन्मसाले आठवून पाहा. १९५० मध्ये जन्मलेल्या आजोबांची पहिली ओळख एच-१ शी, १९६० मध्ये जन्मलेल्या आजीची बहुधा एच-२ शी आणि १९७० मध्ये जन्मलेल्या मुलाची एच-३ शी. एकाच पंगतीला बसणारी तीन माणसे, पण तिघांच्या रक्तात तीन निरनिराळ्या आठवणी!

२०१६ साली अमेरिकन शास्त्रज्ञांनी कोंबड्यांपासून माणसांत येणाऱ्या दोन घातक फ्ल्यूंचे सर्व ज्ञात रोगी जन्मसालाप्रमाणे मांडून पाहिले. एच-५ ने गंभीर आजारी पडणारे बहुतांश १९६८ नंतर जन्मलेले आणि एच-७ चे बहुतांश १९६८ पूर्वी जन्मलेले, असा चक्क दुभंग दिसला. एच-५ हा एच-१ आणि एच-२ चा नातलग. एच-७ हा एच-३ चा. ज्याच्या बालपणी ज्याचा नातलग भेटला, त्याला त्याच्यापासून आडोसा मिळाला.

पुण्याचा अनुभव

हे सारे आपल्या दाराशी घडले ते २००९ मध्ये. नव्या एच-१ ची, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘स्वाइन फ्ल्यू’ची, साथ भारतात आली आणि ३ ऑगस्टला पुण्यात एका शाळकरी मुलीचा बळी गेला. देशातला तो पहिला. त्यानंतरचे पुणे ज्यांनी पाहिले त्यांना ते आठवत असेल. शाळा बंद, चित्रपटगृहे बंद, औषधांच्या दुकानांतून मुखपट्ट्या नाहीशा झालेल्या आणि दुचाकीवरचा प्रत्येक माणूस तोंडाला रुमाल बांधलेला. राष्ट्रीय विषाणू संस्था पुण्यातच असल्याने घशाच्या नमुन्यांची रीघ तिकडे लागलेली.

त्या साथीने पुन्हा तोच उलटा न्याय केला. जगभर म्हातारी माणसे तुलनेने कमी सापडली. अमेरिकेत जुन्या रक्ताचे नमुने तपासले तेव्हा साठीपलीकडच्या सुमारे एक-तृतीयांश लोकांच्या रक्तात या ‘नव्या’ विषाणूला ओळखणारी हत्यारे आधीच तयार होती. १९५७ पूर्वीची ती शिदोरी पन्नास वर्षांनी कामी आली. मात्र एक गोष्ट विसरू नये. ज्या थोड्या वृद्धांना तो लागला त्यांना तो जडच गेला.

दोन नवे धडेही त्या वर्षाने दिले. पहिला गरोदर स्त्रियांचा. खरे तर हा धडा जुनाच. १९१९ साली हॅरिस या अमेरिकन डॉक्टरने इन्फ्ल्युएन्झा झालेल्या १३५० गर्भवतींची माहिती गोळा केली होती. त्यांतल्या शंभरी सत्तावीस मृत्यू पावल्या होत्या. २००९ मध्ये अमेरिकेत गर्भवतींचे लोकसंख्येतील प्रमाण शेकडा एक, पण फ्ल्यूच्या मृत्यूंतील प्रमाण शेकडा पाच निघाले. कारणे समजण्यासारखी आहेत. वाढत्या गर्भाने श्वासपटल वर ढकलले जाते, फुप्फुसांना जागा कमी पडते, प्राणवायू तर दोघांपुरता हवा असतो, हृदयावर बोजा असतो, आणि पोटातल्या जिवाला परका न मानण्यासाठी शरीराने आपली प्रतिकाराची घडीच थोडी बदललेली असते.

दुसरा धडा स्थूलपणाचा. फार लठ्ठ माणसांना फ्ल्यू जड जातो हे ठळकपणे २००९ मध्येच ध्यानात आले. छातीवरच्या चरबीने श्वास उथळ होतो आणि शरीरात सतत धुमसणाऱ्या दाहामुळे प्रतिकाराचा तोल बिघडतो. मधुमेह, दमा, हृदयाचे व मूत्रपिंडाचे जुने दुखणे, धूम्रपान ही मंडळी त्याच पंक्तीतली. ‘खातेपिते घर’ दिसायला बरे, पण फ्ल्यूला ते तितकेसे दबकवत नाही.

रक्तातला एक अक्षरदोष

आणि तरीही काही कोडी उरतातच. वय कोवळे नाही, पिकलेले नाही, दुखणे नाही, आणि तरी एखादे माणूस कोसळते. त्याचे एक उत्तर उंदरांनी दिले. लंडनमध्ये १९५७ साली अ‍ॅलिक आयझॅक्स यांच्याबरोबर इंटरफेरॉन हे शरीराचे संरक्षक द्रव्य शोधणारे स्विस शास्त्रज्ञ जां लिंडेनमान यांच्या असे ध्यानात आले, की इतर उंदीर ज्या विषाणूने पटापट मरतात तो उंदरांच्या एका विशिष्ट वंशाला काहीच करत नाही. १९६२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. पुढे कळले की त्या उंदरांत एक जनुक शाबूत होते आणि प्रयोगशाळेतल्या बहुतेक इतर उंदरांत ते मोडलेले.

माणसांतही असे आहे काय? २०१५ साली फ्रान्समधील एका अडीच वर्षांच्या मुलीची हकिगत प्रसिद्ध झाली. साध्या ऋतुमानाच्या फ्ल्यूने तिची फुप्फुसे निकामी होत आली होती. तपास केला तेव्हा आढळले, की इंटरफेरॉन पुरेसे बनवण्यासाठी जे जनुक लागते त्याची आईकडची आणि वडिलांकडची अशा दोन्ही प्रती सदोष होत्या. आईवडील मात्र धडधाकट, कारण त्यांच्याजवळ प्रत्येकी एक चांगली प्रत होती. मुलगी वाचली. असे दोष फार विरळा. पण यावरून एक गोष्ट पक्की होते. जो फ्ल्यूने कोसळला तो नाजूक, हळवा किंवा निष्काळजी असलाच पाहिजे असे मुळीच नाही. हजारो पानांच्या पोथीत एखादे अक्षर चुकलेले असते, आणि ते चुकलेले आहे हे त्या पानावर येईपर्यंत कोणालाच कळत नाही.

जे दैवाने दिले नव्हते

इथपर्यंत सांगितलेले सारे वय, जन्मसाल, गर्भारपण, रक्तातला वारसा या सदरात मोडते. ‘म्हणजे शेवटी नशीबच!’ असे कोणी म्हणेल. म्हणून मुंबईच्याच १९१८ च्या नोंदींतले आणखी एक पान उलगडतो. जमातींप्रमाणे दर हजारी मृत्यू असे होते : युरोपियन ८.३, पारशी ९, मुसलमान १९.२, इतर हिंदू १८.९, आणि ज्यांना तेव्हाचे दफ्तर ‘हलक्या जातीचे हिंदू’ म्हणे त्यांचे ६१.६.

हा आकडा दोनदा वाचावा असा आहे. शहर एक, समुद्राची हवा एक, विषाणू एक. आणि मरणात सातपटीचे अंतर. विषाणूला जात कळत नाही. त्याला कळते ते शरीर. त्या वर्षी पाऊस रुसला होता, धान्य महागले होते. चाळीतल्या एका अंधाऱ्या खोलीत आठ-दहा माणसे निजत होती. अर्धपोटी शरीर प्रतिकाराची फौज उभारणार कशातून? ताप अंगात असताना कामावर जावे लागणारा विश्रांती घेणार केव्हा? आणि घरातली सगळीच आडवी झाल्यावर पाण्याचा पेला हाताशी देणार कोण? बायका जास्त दगावल्या त्याचेही एक कारण अभ्यासक हेच देतात : शेवटचे उरलेले त्यांच्या ताटात, आणि आजाऱ्यांची उशाशेजारची सेवाही त्यांच्याच वाट्याला. यजमानाची प्रकृती नुसती जन्माने घडत नाही. ती घरात घडते, वस्तीत घडते, पगाराच्या दिवशी घडते.

म्हणूनच हा विषय केवळ शास्त्रज्ञांचा नाही, तुमच्याआमच्या घरचा आहे. घरात फ्ल्यू शिरला तर ‘कोण जास्त कण्हतो’ यापेक्षा ‘कोण जास्त धोक्यात आहे’ हे पाहावे. गरोदर सून किंवा लेक, दोन वर्षांखालचे बाळ, पासष्टीपुढची माणसे, मधुमेही, दमेकरी, हृदयविकार असलेले. यांना ताप-खोकला आला तर चार दिवस वाट पाहू नये. फ्ल्यूवरचे विषाणुरोधक औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर त्याचा गुण सर्वांत चांगला येतो, आणि ते डॉक्टरांनीच द्यावयाचे असते. म्हाताऱ्या माणसांना पुष्कळदा ताप चढतच नाही. ती नुसती गळून जातात, जेवण टाकतात, असंबद्ध बोलू लागतात. तोच त्यांचा ताप समजावा. धाप लागणे, ओठ निळसर होणे, छातीत दुखणे, मूल दूध न ओढणे, किंवा उतरलेला ताप दोन दिवसांनी पुन्हा उसळणे या खुणा दिसल्या तर काढ्याचे पातेले खाली ठेवून डॉक्टरांकडे जावे. उरलेली जुनी प्रतिजैविके स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, विषाणूवर ती चालत नाहीत. आणि मुलांना तापात अ‍ॅस्पिरिन देऊ नये. त्यातून यकृत व मेंदूचा एक विरळा पण भयंकर विकार होऊ शकतो.

विषाणू रूप पालटत असल्याने फ्ल्यूची लस दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. म्हाताऱ्यांत तिचा जोर थोडा कमी पडतो हे खरे, पण दुखणे विकोपाला जाण्याचा धोका ती घटवते. सहा महिन्यांखालच्या बाळाला ती देता येत नाही. मात्र आईने गरोदरपणी घेतली तर तिचे संरक्षण बाळालाही मिळते. महाराष्ट्रात फ्ल्यूचा मुख्य हंगाम पावसाळ्याचा, आणि थोडा थंडीच्या अखेरीचा. तेव्हा उन्हाळ्यातच डॉक्टरांना विचारून ठेवलेले बरे.

राहता राहिली दोन माणसे. एक, जी सगळ्यांचे करून शेवटी आजारी पडते ती घरची गृहिणी. ती अंथरुणाला टेकली की घरच्यांनी दोन दिवस खिचडी टाकायला शिकावे. आणि दुसरी, आपल्याकडे भांडी घासायला येणारी बाई. ती तापात आली तर तिला खाडा न धरता घरी पाठवावे आणि पगार पुरता द्यावा. यात उपकार काहीच नाहीत. जन्मसाल आणि रक्त आपल्या हाती नाही, पण तिची दोन दिवसांची विश्रांती मात्र सर्वस्वी आपल्या हातात आहे.